नंदू नाटेकर : एका बॅडमिंटनपटूची कारकीर्द व तिचा अभ्यास

ह्या अंकातील अभ्यासाचा विषय म्हणून आम्ही एका खेळाडूचे चरित्र निवडले आहे. राजे, सेनापती, संत आणि शास्त्रज्ञ ह्यांची चरित्रे आपल्या पाठ्यपुस्तकांतून येतातच. खेळाडूच्या वाट्यास मात्र बहुधा वर्तमानपत्राचे शेवटचे पान येते, आणि दुसऱ्या दिवशी ते पान रद्दीत जाते. ज्यांच्याविषयी आम्ही लिहीत आहो, ते नंदू नाटेकर १२ मे १९३३ रोजी सांगलीस जन्मले. आमच्या हुपरीच्या लोकांस सांगली म्हणजे काही परमुलूख नव्हे. सोयरीक, बाजारहाट, दवाखाना ह्यांकरिता आपल्यापैकी कित्येकांचे तेथे जाणेयेणे असते. त्या कृष्णाकाठच्या गावी जन्मलेल्या मुलाने पुढे परदेशी जाऊन बॅडमिंटनमधील आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, आणि असे पद मिळविणारा तो पहिलाच भारतीय ठरला. ही गोष्ट आपल्या भागातील मुलांस ठाऊक असावयास हवी.

परंतु केवळ अभिमान वाटावा एवढ्याकरिता हे चरित्र आम्ही पुढे मांडीत नाही. हुपरी हे चांदीच्या कारागिरीचे गाव. येथील पैंजण दूरदूरच्या पेठांत विकले जातात. घरोघर चांदी आटते, तार ओढली जाते, कड्या जुळतात, डाक लागतो, घुंगरू ओवले जातात, आणि घरातील प्रत्येक हातास काही ना काही काम असते. अशा घरातील मुलगा संध्याकाळी रॅकेट घेऊन बाहेर पडला, तर वडील माणसे सहज विचारतात, “बाळा, खेळून पोट भरते काय?” हा प्रश्न उपहासाचा नाही, काळजीचा आहे. त्याला उडवाउडवीचे उत्तर देणे योग्य नव्हे. नाटेकरांच्या कारकिर्दीचे नीट अवलोकन केले असता ह्या प्रश्नाचे काही एक प्रामाणिक उत्तर हाती लागेल, असे आम्हांस वाटते. म्हणून प्रथम खेळ, मग खेळाडू आणि शेवटी बोध, ह्या क्रमाने आपण जाऊ.

खेळ कोठून आला

बॅडमिंटन हे नाव इंग्लंडातील आहे. ग्लॉस्टरशायर परगण्यात ड्यूक ऑफ ब्यूफर्ट ह्या सरदाराचा ‘बॅडमिंटन हाऊस’ नावाचा वाडा आहे, त्यावरून ते पडले. परंतु ह्या खेळाच्या बालपणाचा मोठा भाग आपल्या महाराष्ट्रात गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी मध्ये जाळी बांधून पिसांचे फूल टोलवीत असत, आणि त्या खेळास ‘पूना’ असेच म्हणत. सुटीवर किंवा निवृत्त होऊन स्वदेशी गेलेल्या अधिकाऱ्यांनी तो तिकडे नेला. १८९३ साली इंग्लंडात बॅडमिंटन संघटना स्थापन झाली व १८९९ साली ‘ऑल इंग्लंड’ स्पर्धेस आरंभ झाला. १९३४ साली नऊ देशांच्या संघटनांनी मिळून आंतरराष्ट्रीय महासंघ उभा केला. पुढे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७७ साली निघाली, तोपर्यंत ऑल इंग्लंडचा विजेता हाच जगाचा अनधिकृत विजेता समजला जाई.

पुरुषांच्या सांघिक सामन्यांकरिता सर जॉर्ज थॉमस ह्या इंग्रज खेळाडूच्या नावाने ‘थॉमस चषक’ ठेवण्यात आला. त्याची पहिली स्पर्धा १९४९ साली झाली, व चषक मलायाने जिंकला. ह्या दोन नावांचा, म्हणजे ऑल इंग्लंड व थॉमस चषक ह्यांचा, पुढे वारंवार उल्लेख येणार आहे, तरी विद्यार्थ्यांनी ती ध्यानात ठेवावी.

फुलाचा स्वभाव

नाटेकरांचे कौशल्य समजावयाचे तर ज्या वस्तूवर ते चालले, तिचा स्वभाव प्रथम जाणला पाहिजे. आपण ज्यास ‘फूल’ म्हणतो, त्यात बुचाच्या अर्धगोलात सोळा पिसे बसविलेली असतात. त्याचे वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम असावे असा नियम आहे. चांदीच्या गावात हे वजन तोळ्यात सांगितले म्हणजे लवकर उमगेल. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे अख्खे फूल त्या अर्ध्या तोळ्यासही भरत नाही. एवढ्या हलक्या वस्तूस जोराने मारावे तर ती प्रथम बाणासारखी सुटते. परंतु पिसांचा घेर मोठा व वजन थोडे असल्यामुळे हवा तिला तत्काळ अडविते, आणि तिचा वेग झपाट्याने ओसरतो. बूच जड असल्यामुळे ते नेहमी पुढे राहते. म्हणून उंच उडविलेले फूल चेंडूप्रमाणे लांब कमान करीत न येता शेवटी जवळजवळ सरळ खाली पडते.

ह्या एका गुणधर्मातून सारा खेळ निर्माण झाला आहे. हात उचलण्याची एकच ढब ठेवून खेळाडू फूल जोराने खाली आपटू शकतो, मागच्या रेषेपर्यंत उंच धाडू शकतो, किंवा शेवटच्या क्षणी मनगट आवरून ते जाळीपलीकडे अलगद टाकू शकतो. ह्या तिहींतील कोणता फटका येणार हे समोरच्यास फूल रॅकेटला लागेपर्यंत कळू न देणे, ही ह्या खेळातील खरी विद्या. मैदान ४४ फूट लांब. रुंदी दुहेरीस २० फूट व एकेरीस १७ फूट. जाळी मध्यभागी ५ फूट उंच. एकेरीत एका गड्यास जाळीच्या आपल्या बाजूची बावीस फूट लांब व सतरा फूट रुंद जागा एकट्याने राखावी लागते. प्रतिस्पर्ध्यास ह्या जागेत एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात धाववून त्याचे पाऊल चुकविणे, हे ज्यास साधले त्यास केवळ बळावर विसंबून राहावे लागत नाही.

आता त्या काळची साधने पाहा. नाटेकर खेळत होते तेव्हा रॅकेट लाकडाच्या असत. दमट हवेत लाकूड वाकू नये म्हणून खेळ संपताच त्या लाकडी चौकटीत आवळून ठेवाव्या लागत. आज साधारण ८० ते ९० ग्रॅम वजनाच्या, कार्बनच्या धाग्यांनी घडविलेल्या रॅकेट मिळतात. अशा रॅकेटने भारताच्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी ह्याने मारलेल्या फटक्याचा वेग ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला, व २०२३ साली तो जागतिक विक्रम म्हणून नोंदला गेला. लाकडी रॅकेटच्या काळात मनगटास अधिक भार सोसावा लागे. अशा साधनानेही ज्यांचे फटके नाजूक म्हणून नावाजले गेले, त्यांच्या हाताची तयारी किती असेल ह्याचा विचार वाचकांनीच करावा.

टेनिसमधील पराभव

नाटेकर प्रथम टेनिस खेळत. त्या खेळातही त्यांची गती सामान्य नव्हती. १९५१-५२ च्या सुमारास राष्ट्रीय कुमार स्पर्धेत ते अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. तेथे त्यांच्यापुढे मद्रासकडचा रामनाथन कृष्णन उभा राहिला, व नाटेकर हरले. कृष्णन त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. अठरा-एकोणीस वर्षांच्या तरुणाने चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाकडून अंतिम सामन्यात हार खावी, हा प्रसंग मनास किती झोंबला असेल, हे आपल्यातील प्रत्येक विद्यार्थी ओळखू शकेल.

पुढे इतिहासाने त्या पराभवाचा अर्थ उलगडून दाखविला. हाच कृष्णन १९५४ साली विंबल्डनची कुमार स्पर्धा जिंकणार होता, आणि १९६० व १९६१ ह्या दोन्ही वर्षी विंबल्डनच्या पुरुष एकेरीत उपान्त्य फेरी गाठणार होता. परंतु नाटेकरांस हे कोण सांगणार? त्यांच्यापुढे त्या वेळी तीन वाटा होत्या. दैवास बोल लावून खेळ सोडावा, ही पहिली. त्याच खेळात डोके आपटीत राहावे, ही दुसरी. आपल्या अंगच्या गुणास अधिक अनुकूल क्षेत्र शोधावे, ही तिसरी. त्यांनी तिसरी वाट धरली, व सारे लक्ष बॅडमिंटनवर एकवटले.

येथे आमच्या विद्यार्थ्यांनी थोडे थांबावे. खेळ बदलणे आणि खेळ टाकणे ह्यांत फार अंतर आहे. चांदीचा टंच पाहिल्यावर कारागीर ती फेकून देत नाही. हिच्यापासून कोणता जिन्नस चांगला घडेल, एवढे तो ठरवितो. नाटेकरांच्या मनगटाची लवचीकता, पावलांची हलकी ठेव आणि समोरच्यास चकविण्याची बुद्धी हे गुण टेनिसमध्ये दुसऱ्या क्रमांकाचे ठरले होते. फुलाच्या खेळात तेच गुण पहिल्या क्रमांकाचे ठरले. गणितात मागे पडलेला विद्यार्थी चित्रकलेत, भाषेत अथवा यंत्रकामात पुढे जातो, तेव्हा हेच घडत असते. मात्र त्याकरिता पहिल्या पराभवाचा विचार शांत चित्ताने करणे आवश्यक असते, आणि तो करण्यास घरातील वडील माणसांचे धीराचे दोन शब्द लागतात.

यशाची वर्षे

१९५३ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, नाटेकर राष्ट्रीय एकेरीचे विजेते झाले. पुढल्याच वर्षी, म्हणजे १९५४ साली, ते ऑल इंग्लंड स्पर्धेस गेले व पहिल्याच प्रयत्नात उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचले. त्या काळी ह्या खेळात मलाया व डेन्मार्क ह्या देशांचा दरारा होता. मलायाचे वाँग पेंग सून व एडी चूंग ऑल इंग्लंडचे अजिंक्यपद आलटून पालटून नेत. अशा मंडळीत सांगलीकडचा एक तरुण पहिल्या आठांत येऊन बसला.

त्यानंतर १९५६ हे वर्ष उजाडले. मलायातील क्वालालंपूर येथे ‘सेलांगोर आंतरराष्ट्रीय’ ही स्पर्धा भरली होती. ज्या देशाने थॉमस चषकावर नाव कोरले, त्याच्याच राजधानीत जाऊन तेविसाव्या वर्षाच्या नाटेकरांनी ती जिंकली. बॅडमिंटनमध्ये भारतीयाने मिळविलेले ते पहिले आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद होय. पुढे जे कोणी भारतीय परदेशांतून चषक घेऊन आले, त्या सर्वांच्या वाटेवरचा पहिला मैलाचा दगड सांगलीच्या ह्या सुपुत्राने रोविला आहे.

स्वदेशी त्यांनी राष्ट्रीय स्पर्धेत एकेरीचे सहा, पुरुष दुहेरीचे सहा व मिश्र दुहेरीचे पाच वेळा विजेतेपद मिळविले, म्हणजे एकूण सतरा. ह्या आकड्यांतील दुहेरीच्या अकरा विजयांकडे आम्ही विशेषेकरून लक्ष वेधू इच्छितो. एकेरीचा उत्तम गडी दुहेरीत पुष्कळदा अडखळतो, कारण तेथे आपला फटका आवरून साथीदारास जागा द्यावी लागते. ज्यास एकट्याने चमकणे व दुसऱ्यासह चमकणे ही दोन्ही साधली, त्याच्या स्वभावाविषयी अधिक सांगावयास नको.

थॉमस चषकाच्या सामन्यांत ते अनेक वर्षे भारताकडून खेळले. त्या काळी एका लढतीत पाच एकेरी व चार दुहेरी असे नऊ सामने होत. ह्या स्पर्धेत नाटेकरांनी एकेरीचे सोळांपैकी बारा व दुहेरीचे सोळांपैकी आठ सामने जिंकले. १९५९, १९६१ व १९६३ ह्या तिन्ही वेळच्या थॉमस चषक मोहिमांत भारतीय संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे होते.

गुण मोजण्याची पद्धतीही त्या वेळी निराळी होती. सर्व्हिस ज्याच्या हाती, त्यासच गुण मिळे. समोरच्याने डाव जिंकला तर त्यास केवळ सर्व्हिस मिळे, गुण नव्हे. पुरुषांचा डाव पंधरा गुणांचा असे. त्यामुळे गुणफलक हलत नाही आणि खेळ मात्र चालूच आहे, असे पुष्कळ वेळ घडे. प्रत्येक चढाओढीस गुण देणारी एकवीस गुणांची पद्धत २००६ साली आली. जुन्या पद्धतीत चिकाटीचा कस अधिक लागे. घामाने भिजून अर्धा तास खेळावे व फलकाकडे पाहावे तर दोनच गुणांची भर पडलेली! अशा वेळी मन न खचू देणे हेही शिक्षणच आहे.

सन्मान

१९६१ साली भारत सरकारने खेळाडूंकरिता अर्जुन पुरस्कार सुरू केला. त्या पहिल्याच वर्षी बॅडमिंटनकरिता नंदू नाटेकर ह्यांची निवड झाली. आणि त्याच वर्षी टेनिसकरिता कोणाची निवड झाली? रामनाथन कृष्णन ह्यांची! दहा वर्षांपूर्वी एका जाळीच्या दोन बाजूंस उभे राहिलेले विजेता व पराजित, राष्ट्राच्या सन्मानाच्या एकाच पंक्तीत येऊन बसले. मागे सांगितलेल्या तिसऱ्या वाटेचे फळ ते हे. आणखी एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. जे टेनिस नाटेकरांनी सोडले, ते त्यांचे पुत्र गौरव ह्यांनी उचलले. १९९४ साली हिरोशिमा येथील आशियाई क्रीडास्पर्धेत लिअँडर पेस ह्यांच्या जोडीने त्यांनी पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले.

नंदू नाटेकर २८ जुलै २०२१ रोजी पुण्यास, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, निवर्तले.

जे मिळाले नाही ते

अभ्यास म्हटला म्हणजे जमेबरोबर खर्चाची बाजूही पाहिली पाहिजे. ऑल इंग्लंडचे अजिंक्यपद नाटेकरांस मिळाले नाही. जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा त्यांच्या ऐन उमेदीत अस्तित्वातच नव्हती. ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनचा पदकांच्या खेळांत समावेश झाला तो १९९२ साली, बार्सिलोना येथे, तेव्हा नाटेकरांनी साठी जवळ केली होती. त्यांच्या काळी हा हौशी खेळाडूंचा खेळ होता. विजेत्यास चषक मिळे, टाळ्या मिळत, द्रव्य मिळत नसे. परदेशचा प्रवास, राहणे, खाणे ह्यांची तजवीज करणे हाच एक स्वतंत्र सामना असे.

ही अडचण एकट्या बॅडमिंटनची नव्हती. आपल्याच कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले. त्यांच्या प्रवासखर्चाकरिता वर्गणी गोळा करावी लागली, आणि प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण ठेवून पैसे उभे केले. ह्यावरून त्या पिढीने खेळाकरिता काय सोसले ते कळेल. तेव्हा “खेळून पोट भरते काय?” ह्या प्रश्नास त्या काळापुरते सरळ उत्तर द्यावयाचे तर ते “बहुधा नाही” असेच द्यावे लागेल.

आज परिस्थिती पालटली आहे. बक्षिसाच्या रकमा आहेत, नोकऱ्यांत खेळाडूंकरिता जागा आहेत, सरकारी साहाय्य आहे. तथापि येथेही पालकांनी डोळे उघडे ठेवावेत. राज्यपातळीवर खेळणाऱ्या शेकडो मुलांतून देशाच्या संघात जाणारे दोघे-चौघेच असतात. पिसांचे फूल महाग, आणि जोराचा खेळ असला की एका सामन्यात कित्येक फुले मोडतात. उघड्या पटांगणावर तर वारा फुलास उडवून नेतो, म्हणून बंदिस्त दालन लागते. मुलाच्या पहिल्या चषकाबरोबर त्यास शाळेतून काढून केवळ खेळावर बसविणे, हे सारी चांदी एकाच मुशीत ओतण्यासारखे आहे. मूस फुटली तर हाती काय राहणार? म्हणून अभ्यास व खेळ ही दोन्ही चाके चालू ठेवावीत, असेच आमचे सांगणे आहे.

मग खेळावे कशाकरिता

कोणी म्हणेल, इतके सांगून आपण खेळाविरुद्धच निकाल दिला. तसे नाही. चांदीच्या कामास बसणाऱ्या मुलाची पाठ वाकते, दृष्टी शिणते. आटणीच्या धुरात व ॲसिडाच्या वाफेत छाती भरून श्वास घेता येत नाही. अशा मुलास रोज एक तास मोकळ्या हवेत धावणे हे औषधाहून अधिक गुणकारी आहे. हे झाले शरीराचे. मनाचे पाहावे तर हार सहन करणे, पंचाचा निकाल मुकाट्याने मानणे आणि सामना संपताच प्रतिस्पर्ध्याचा हात हातात घेणे, ह्या गोष्टी पुस्तकात वाचून येत नाहीत. त्या अंगवळणी पडाव्या लागतात.

१९४७ सालची एक हकीकत ह्या संदर्भात सांगण्याजोगी आहे. त्या वर्षी ऑल इंग्लंड स्पर्धेस प्रकाश नाथ व देविंदर मोहन हे दोन भारतीय खेळाडू गेले होते. उपान्त्यपूर्व फेरीत ते दोघेच एकमेकांसमोर आले. आपसांत लढून दमण्यापेक्षा एकाने ताजेतवाने पुढे जावे असा विचार करून त्यांनी नाणे उडविले. कौल प्रकाश नाथांच्या बाजूने पडला, व ते अंतिम सामन्यापर्यंत गेले. तेथे स्वीडनच्या कॉनी येप्सेनकडून ते पराभूत झाले, हे खरे. परंतु आपली संधी नाण्याच्या एका फेकीवर सोडून देणाऱ्या देविंदर मोहनांचा त्यागही स्मरणात ठेवण्याजोगा आहे. असा खुला हात खेळातून येतो, आणि तो पुढे संसारात, व्यापारात, भाऊबंदकीच्या वाटणीतसुद्धा उपयोगी पडतो.

मुलींच्या पालकांस येथे आम्ही मुद्दाम चार शब्द सांगतो. ‘खेळ हा मुलांचा’ अशी समजूत आपल्या भागात अद्याप पुरती गेलेली नाही. पुण्याचे प्रसिद्ध क्रिकेटपटू प्रा. दि. ब. देवधर ह्यांच्या तारा, सुंदर व सुमन ह्या कन्यांनी नाटेकरांच्या उदयापूर्वीच राष्ट्रीय बॅडमिंटनमध्ये नाव मिळविले होते. ज्या काळी मुलीने रॅकेट घेऊन चारचौघांत धावणे हेच धाडस समजले जाई, त्या काळी एका बापाने आपल्या मुलींस मैदानात उतरविले. पुढे मुंबईच्या अपर्णा पोपट ह्यांनी राष्ट्रीय एकेरीचे अजिंक्यपद लागोपाठ नऊ वेळा मिळविले. सायना नेहवालने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणले. पी. व्ही. सिंधूने २०१६ साली रिओ येथे रौप्य व २०२१ साली टोकियो येथे कांस्य अशी दोन पदके मिळविली, आणि २०१९ साली ती जगज्जेती झाली. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली नेमबाजीत जगज्जेत्या झाल्या. तेव्हा मुलीने खेळावे किंवा नाही, हा वाद आता मिटला असे समजण्यास हरकत नाही.

पेरणी आणि पीक

नाटेकरांनंतर ह्या खेळात भारताची वाटचाल कशी झाली, ते थोडक्यात पाहू. १९६५ साली लखनौ येथे दिनेश खन्ना आशियाई विजेते झाले. १९८० साली प्रकाश पदुकोण ह्यांनी इंडोनेशियाच्या लिएम स्वी किंग ह्यास हरवून ऑल इंग्लंड जिंकली, आणि १९४७ साली हातातून निसटलेला तो मान भारतास मिळाला. २००१ साली पुल्लेला गोपीचंद ह्यांनी त्याची पुनरावृत्ती केली. आणि मे २०२२ मध्ये बँकॉक येथे भारतीय संघाने चौदा वेळच्या विजेत्या इंडोनेशियास ३-० असे नमवून थॉमस चषक प्रथमच जिंकला. दुहेरीचा विजय मिळवून देणाऱ्या जोडीत सात्त्विकसाईराजसह मुंबईचा चिराग शेट्टी होता.

ज्या चषकाकरिता नाटेकरांनी वर्षानुवर्षे घाम गाळला, तीन वेळा संघाचे नेतृत्व केले व जो त्यांच्या हयातीत भारतात आला नाही, तो त्यांच्या निधनानंतर दहा महिन्यांच्या आत आला. पेरणाऱ्यास पीक पाहावयास मिळतेच असे नाही. परंतु म्हणून पेरणी व्यर्थ गेली असे कोणता शेतकरी म्हणेल? आंब्याचे कलम लावणारा आजोबा फळे मोजीत बसत नाही.

बोध

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. खेळून पोट भरते काय? एखाद्याचे भरते, पुष्कळांचे भरत नाही. म्हणून खेळ हा पोटाचा धंदा समजून मुलास त्यात ढकलू नये. परंतु ज्यास परमेश्वराने चपळ पाय व कुशल मनगट दिले आहे, त्यास केवळ भीतीपोटी घरात कोंडून ठेवणे हेही बरे नव्हे. धन्याने दिलेले द्रव्य जमिनीत पुरून ठेवणाऱ्या शुभवर्तमानातील त्या चाकराची गोष्ट आपण प्रार्थनेच्या तासाला ऐकली आहे. गुण कोणता व किती, हे आपल्या हाती नाही. तो वापरावयाचा किंवा पुरून ठेवावयाचा, एवढेच आपल्या हाती आहे.

विद्यार्थ्यांनी नाटेकरांपासून तीन गोष्टी घ्याव्यात. हरल्यावर प्रथम आपला गुण कोणता हे तपासावे, आणि मग निर्णय करावा. बळ कमी असेल तेथे बुद्धी व सराव ह्यांनी भरपाई करावी. आणि एकट्याने जिंकावयास शिकावे तसेच साथीदारास जिंकू द्यावयासही शिकावे. पालकांनी एकच गोष्ट करावी. मूल खेळून घरी आले म्हणजे “जिंकलास की हरलास?” असे विचारण्याआधी “आज काय नवे शिकलास?” असे विचारावे. ह्या प्रश्नाचे उत्तर ज्या मुलास रोज देता येईल, तो पुढे रॅकेट हाती धरो, लेखणी धरो की पैंजणाची नाजूक कडी धरो, त्याचे काम सफाईचेच होईल.